टेक्सास किंग का थांबतो?

मी स्वतःला फार हुशार समजायचो, त्या काळातली ही गोष्ट. तो काळ तसा लांबला नाही, पण जेवढा होता तेवढ्यात मी पुरेसं करून ठेवलं. चहा ओता, सांगतो.

तेव्हा मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत होतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासणं हे माझं काम. हातोडीनं हलकंसं ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि आत भेग आहे का ते सांगायचं. हे काम बरीच वर्षं केलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळ्यांच्याच आतलं कळतं. माझं तेच झालं.

त्याच सुमारास आमच्या घरी इंटरनेट आलं. माझा मेहुणा सुहास पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. दिवाळीला आला आणि मला पोकर लावून देऊन गेला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा परदेशात शिकलेला भाऊ. पैशाचा संबंध नाही, पैशाऐवजी लावायच्या त्या चकत्या, चिप्स, सगळ्या खोट्या. "भावोजी, याच टेबलावर बसत जा, इथं गर्दी नसते," म्हणाला. खेळायला टोपणनाव लागतं. मी 'माइंडरीडर' घेतलं. हसू नका, अजून बरंच बाकी आहे.

रोज संध्याकाळी कंपनीतून आलो की मी टेबलावर. समोर बहुतेक वेळा एकच गडी असायचा. नाव टेक्सास किंग. मी त्याला मनात पूर्ण उभा केला होता. मोठी टोपी, तोंडात चिरूट, दारात घोडा. आपली संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, तेव्हा कामधंदा नसलेला श्रीमंत माणूस असणार.

एका डावात हा टेक्सास किंग चिप्स लावायच्या आधी बराच वेळ थांबला. मग एकदम मोठा आकडा लावला. मीही पुढं गेलो. पानं उघडली, तर त्याच्याकडं काहीच नव्हतं. मला भेगेचा आवाज आला. हा थांबतो, म्हणजे घाबरतो. घाबरतो आणि मग हवा करतो.

झालं, सिद्धांत तयार. पुढच्या वेळी तो थांबला की मी सगळ्या चिप्स ढकलायचो. तो जिंकला की म्हणायचो, नशीब त्याचं. परत थांबला की परत सगळ्या चिप्स. परत तोच जिंकायचा. पण माझा सिद्धांत कुठंतरी चुकतोय, असं मला एकदाही वाटलं नाही. चिप्स संपल्या की दुसऱ्या दिवशी फुकट नव्या मिळायच्या, त्यामुळे शहाणपण यायची सोयच नव्हती.

कँटीनमध्ये मी हा सिद्धांत सगळ्यांना शिकवला. खरेदी खात्यातल्या साळोख्यांना तो इतका पटला की त्यांनी मला एका मालवाल्यासमोर नेऊन बसवलं. मलकापूरकडचा माणूस. साळोख्यांनी भाव विचारला, तर तो गप्प. मी साळोख्यांच्या कानात सांगितलं, "थांबला. आता खोटं बोलणार."

साळोखे त्याला म्हणाले, "खरं काय ते बोला. आमच्याकडं माणूस ओळखणारा हाय."

तो गालावर हात ठेवून म्हणाला, "पावणं, दाढ दुखतीया. बोलताना कळ येतीया म्हणून थांबलो." मग उठला आणि माल दुसऱ्या कारखान्याला देऊन मोकळा झाला. साळोखे त्यानंतर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे. माझं मत मात्र तेच. दाढेचं निमित्त होतं.

तर एका रविवारी आम्ही कागलला गेलतो, माझ्या सासुरवाडीला. सासरे एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारल्यामुळे घरातही मीठ मागितलं तर दोन गल्ल्यांना कळायचं. जेवताना माझी बायको शैला सहज म्हणाली, "अप्पा, हे हल्ली पत्ते खेळतात कॉम्प्युटरवर."

मला तेवढंच हवं होतं. मी भाकरी बाजूला ठेवून सासऱ्यांना सगळं समजावलं. माणूस पैज लावताना कसा वागतो, त्यावरून त्याच्या मनातलं कसं ओळखायचं. अमेरिकेतला एक गडी कसा माझ्या मुठीत आहे. सासरे अगदी मन लावून ऐकत होते.

"मग पावणं, आमचं बी एक काम करा," ते म्हणाले. "सुहासनं मला बी त्यो खेळ लावून दिलाय, नाव बी त्येनंच टाकलंय. तिथं एक येडं रोज येतंय. त्येच्या मनात काय असतंय, तेवढं बगून सांगा."

जेवण झाल्यावर आम्ही मधल्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड होतं. ते घडी करून ठेवून सासरे खेळायला बसले. पानं आली. सासरे स्वयंपाकघराकडं तोंड करून पुकारले, "अगं ये की, राजाची जोडी आलीया."

सासूबाईंनी हातातलं भांडं विसळलं, पदराला हात पुसले, सावकाश आल्या, चष्मा लावून पानं बघितली. "ब्येस हायत," म्हणाल्या. मग सासऱ्यांनी चिप्स लावल्या.

"चांगली पानं आली की हिला दाखवल्याबिगर मी खेळत न्हाई," सासरे मला म्हणाले. "एकट्यानं बगून काय मजा?"

मी पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. टेक्सास किंग.

"अप्पा," मी हळूच विचारलं, "तुम्ही कधी पानं वाईट असतानाही थांबला होतात का?"

"एकदा. दूधवाला आलता. परत येऊन गडबडीत भलतंच बटण दाबलं." ते माझ्याकडं वळले. "तर त्ये येडं. मी हिला हाक मारतो तवर त्येला वाटतंय, म्हातारा भ्याला. लगेच हुतं न्हवतं तेवढं सगळं लावतंय. रोज. माइंडरीडर का कायतरी नाव हाय. बोला, काय असंल त्येच्या मनात?"

शैला दारात बडीशेपेची वाटी घेऊन उभी होती. माझं टोपणनाव तिला माहीत होतं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "माणूस समोर असावा लागतो."

"व्हय, त्ये बी खरं," सासरे म्हणाले. "आज काय आलेलं न्हाई."

सासूबाई चष्मा काढत म्हणाल्या, "मला तर बाई कीव येती त्येची. एवढं हरतंय, तरी येतंय. घरात सांगणारं कोण नसंल. लगीन तरी झालंय का न्हाई, देव जाणे. असल्याला पोरगी कोण देतंय?"

शैलानं बडीशेपेची वाटी माझ्यासमोर धरली.

"दिलीय आई," ती म्हणाली. "कागलातल्याच एकानं दिलीय."