ताईच्या वॉर्डातला डबा

दवाखान्यातले किस्से डब्याला लागलेल्या हळदीसारखे असतात. कितीही घासा, पिवळेपणा राहतोच! माझी मोठी बहीण रेखाताई धुळ्यात नर्स होती. मी रिक्षा चालवतो. नववीत शाळा सोडली तेव्हापासून तिला ड्यूटीवर सोडणं आणि दुपारी डबा पोचवणं माझ्याकडे. गेल्या महिन्यात ताई गेली. साधा ताप म्हणता म्हणता मेंदूत शिरला. दहाव्याला तिच्या बरोबरच्या सिस्टर रडत आल्या आणि किस्से सांगता सांगता हसायला लागल्या. मला आधी संताप आला. मग मीच सांगायला लागलो.

ताईकडे वॉर्डातल्या समोरासमोरच्या दोन खोल्या होत्या. तिथे स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाला न्यूमोनिया, आणि वर हे विसरणं.

* * *

त्यातले एक आबा. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात गेटवर नोकरी केलेले, आता देवपूरला मुलाकडे राहायचे. आबा खुर्ची टाकून खोलीच्या दारातच बसायचे. येईल त्या पुरुषाची झडती!

"माचिस, बिडी, काय असेल ते काढा. आत दारू आहे दारू, उडाल बठ्ठे, एकूण एक!"

एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले. आबांनी त्यांचेही खिसे चाचपले. लायटर निघाला! सगळा स्टाफ भिंतीकडे बघायला लागला.

आबा म्हणाले, "साहेब असाल तुमच्या घरी. ड्यूटी संपल्यावर घेऊन जा."

तेव्हापासून डॉक्टर राउंडला येताना ताईच्या टेबलावर खिसे रिकामे करून मगच पुढे जायचे.

* * *

बायकांची झडती मात्र आबा घेत नसत. "लेडीज स्टाफ नाही आपल्याकडे," म्हणायचे. मग काय! आबांनी जप्त केलेले मोबाइल, चाव्या, चष्मे, सगळं ताईच्या ॲप्रनमधून बिनबोभाट बाहेर जायचं. आबा तिला सलाम ठोकून सोडायचे.

"सगळ्यात इमानदार बाई," ते मला सांगायचे. "कधी काही सापडलं नाही!"

* * *

एकदा माझी माचिस घेतली तेव्हा मी बोलून गेलो, "आबा, कुठला कारखाना? तुम्ही कधीच रिटायर झाला!"

आबांनी काठी उचलली. मग काठी खाली ठेवून लहान मुलासारखे रडले.

ताईने मला जिन्यात गाठलं. "खरं बोलायची एवढी हौस असेल तर ट्रॅफिक पोलिसाशी बोल! पॅसेंजर उभा असेल तिथे रिक्षा नेतोस ना तू? की त्याला म्हणतोस, स्टँडवर चालत ये?"

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन हात वर केले. आबा म्हणाले, "नवीन दिसतोस. पण शिस्तीचा आहेस!"

* * *

समोरच्या खोलीत जमनामाय, सगळं आयुष्य कपाशीच्या शेतात गेलेली. बोटं सारखी चालायची. चादर उसवायची, सलाइनची सुई उपटायची. कुणी म्हणालं, हात बांधा. ताई म्हणाली, "तिला कामाला लावा." माझ्या रिक्षातून पोतंभर कपाशीची बोंडं आणवली. माय दिवसभर कापूस काढत बसायची. सलाइनकडे बघायचीसुद्धा नाही!

मेट्रन बाई तपासणीला आल्या, तर खाटेवर कापूसच कापूस. त्या ओरडणार, तेवढ्यात माय शेजारी जागा करत म्हणाली, "उनी का तू? बस. ऊन चढाना पहिले उरकू."

मेट्रन बसल्या. चांगली ओंजळभर बोंडं सोलली त्यांनी!

* * *

जमनामाय जेवायची मात्र नाही. ताट पुढे आलं की विचारायची, "माणसं जेवनात का?" हो म्हटलं तरी विश्वास नाही. जन्मभर गडीमाणसांच्या नंतर जेवलेली बाई!

शेवटी ताईने मला तिच्यासमोर बसवलं. "जेव." मी म्हणालो, "घरून जेवून आलोय." ताई म्हणाली, "ते तुझं झालं. आता पेशंटसाठी जेव!"

मी चार घास खाल्ले की माय निवांत जेवायची. माझं पोट सुटलं. आई म्हणायची, पोराला धंदा चांगला लागलाय.

* * *

ताई गेल्यावर माझं जेवण सुटलं. परवा ताईच्या मैत्रिणीचा दवाखान्यातून फोन आला. "जमनामाय परत ॲडमिट झालीय. घास घेत नाही. येतोस?"

आईने ताईच्याच डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं. मी मायसमोर बसलो.

"जेवना का तू?"

"जेवतो, माय."

घास तोंडात फिरत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माय वाकून बघत होती.

"तिखट लागनं का रे? पानी पी."

मी पाणी प्यायलो. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग तिने आपलं ताट ओढलं. जेवता जेवता मध्येच थांबली.

"तुनी बहीण कोठे शे?"

दारातली सिस्टर जागीच थबकली.

"ड्यूटीवर शे, माय."

"जेवनी का ती?"

मायने भाकरी मोडली, अर्धी माझ्या डब्यात ठेवली, वर भरीत घातलं आणि झाकण स्वतःच्या हाताने दाबून लावलं.

"तिले र्‍हाऊ दे. थकीसन येई."

मी डबा घेऊन घरी आलो.