ड्रॉवरमधली चिठ्ठी

आमच्या दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या गृहस्थांना आम्ही आरसेकाका म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. साठी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. टेबलाखाली शिरताना दर वेळी म्हणायचे, "खाली जाणं जमतं हो बाई, वर यायचं काय ते बघू." मी रिसेप्शनवर बसते. त्या टेबलाखालीच पेशंटांचे सगळे एक्स-रे ठेवणारं मशीन आहे.

ते मशीन बसवलं त्या दिवशी काकांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. मशीन सुरू होताना, सिस्टिम यायच्या आधीच, एक बटण टकाटक दाबून ते एका काळ्या पडद्यावर गेले. दोन डिस्क जोडायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, मशीनच्या बोर्डातच आधीपासून भरलेल्या प्रोग्राममध्ये, फर्मवेअरमध्ये, ही सोय असते, म्हणाले. दोन सारख्या डिस्क निवडल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर, आरशासारखं; त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. एक गेली तरी दुसरी आहेच. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यानं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मगच होकार दिला. डिस्कवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली, थोरली आणि धाकटी.

जाताना पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. ‘लाल अक्षरं दिसली तर एंटर दाबू नका. मला फोन करा.’ खाली नंबर.

चिठ्ठी दिसायची गबाळी. पंधरा दिवसांत मी ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

काका तीन-तीन महिन्यांनी चक्कर मारायचे. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं. त्याच सुमारास एका सोमवारी सकाळी पडद्यावर लाल ओळ आली आणि मशीन अडून बसलं. समोर गाल धरून कण्हणारा माणूस, मागे चार पेशंट. मी एंटर दाबलं. मशीन सुरळीत चालू झालं. दुसऱ्या दिवशी परत लाल, परत एंटर. चालतंय ना, मग कशाला नसती उठाठेव! आठवड्याभरात त्या ओळीकडे माझं लक्षही जाईनासं झालं. सात महिने मी रोज सकाळी एंटर दाबत होते.

मग एका मंगळवारी पडदा काळा तो काळाच राहिला.

फोन केल्यावर काका काठी टेकत दोन जिने चढून आले. पायरीपायरीला थांबत असावेत, कारण काठीचा आवाज फार वेळ येत होता. टेबलाखालून त्यांनी सांगितलं, "थोरली गेली." जरा वेळानं म्हणाले, "धाकटीची नुसती केबल सैल झालीय. डिस्क ठणठणीत आहे." केबल नीट बसवल्यावर मशीन सुरू झालं. पण धाकटीवर सात महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारपर्यंतचंच होतं. पुढचे सगळे एक्स-रे एकट्या थोरलीवर गेले होते, आणि तिच्याबरोबर तेही गेले.

"लाल आलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

 काका फार दमलेले दिसत होते. लिहायला पेन हवं म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला. चिठ्ठी वरच होती, चिकटपट्टीसकट. त्यांनी ती वाचली, स्वतःचंच अक्षर असून दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली.

मी डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं. महिन्यापूर्वीच दोन पेशंटांना एकच वेळ दिली म्हणून डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी एक चूक झाली की दुसरीकडे नोकरी बघायची. घरात आई अंथरुणाला खिळलेली, कमावती मी एकटी.

डॉक्टर बाहेर आले. सात महिन्यांचे एक्स-रे गेल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळले. "रोज तू सुरू करतेस ना? काही दिसलं नाही तुला?"

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "दिसलं असणार. पण एंटर दाबून पुढे जा असं मीच सांगितलं होतं त्यांना. माझी चूक."

खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. मी गप्प बसले. आजही त्याची लाज वाटते.

"मग यापुढे तुम्ही नका येऊ," डॉक्टर म्हणाले.

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि पिशवी आवरायला लागले. मी जिन्यापर्यंत मागे गेले. "काका..." एवढंच म्हणता आलं. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. "आता लावून ठेवा," म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले.

चिठ्ठी पडद्याला आहे. नवा माणूस नव्या डिस्क बसवून गेला, त्यानं नावंबिवं काही दिली नाहीत. रोज सकाळी मी पडद्यावरची ओळन् ओळ वाचते. लाल काही नसतं. मग नजर खाली त्या नंबरावर जाते, आणि तो फिरवायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.