बाईचा डावा गाल

पन्नाशीत माणसानं गुडघ्यांकडे पाहावं, असं आमच्या घरचं मत. मी नाकं पाहत होतो. चंद्रपूरला रद्दीच्या दुकानात एका चित्रकाराच्या रेखाटनांचं जाडजूड पुस्तक मिळालं होतं. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे चित्रकार कोण ते कळलं नाही. आत नुसते चेहरे. हमाल, म्हाताऱ्या, चष्मेवाले मास्तर. सगळे इतके खरे, की पान उलटताना कोणाला धक्का लागेल असं वाटायचं.

कचेरीतून आलो की एक चेहरा समोर ठेवून मी नक्कल करत बसायचो. पहिला महिना नाकांतच गेला. बायको चहा ठेवताना वाकून पाहायची.

"हे नाक होय काय? मले तर वांगं वाटून राह्यलं."

"शिकून राह्यलो."

"या वयात? मास्तर होणार हाय का आता?"

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि आणखी एक वांगं काढलं. शिकायला वय लागत नाही, अक्कल लागते असं म्हणतात. मी हट्टावर भागवत होतो.

हळूहळू कळलं, की हा गृहस्थ चेहऱ्याभोवती रेघ ओढतच नाही. गालामागचा अंधार तेवढा गडद करतो, गाल आपोआप पुढे येतो. एका पानावर एक डोळा गेलेला म्हातारा होता. त्याची मी अकरा वेळा नक्कल केली. चित्रकारानं त्या गेलेल्या डोळ्यावर चांगल्या डोळ्याइतकीच मेहनत घेतली होती. कीव नाही, झाकाझाक नाही. मी मनाशी ठरवलं, आपणही असंच काढायचं.

माझी मोठी बहीण गडचिरोलीकडे खेड्यात राहते. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मोहफुलं वेचायला गेली असताना अस्वलानं तिचा डावा गाल ओरबाडला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत ती उजवीकडून दिसते, नाहीतर गालावर पदर. फोटो काढणाराच तिला तसं बसवतो.

मी चित्रं काढतो हे कळल्यावर तिनं निरोप धाडला, "मलेही काढ." दिवाळीच्या सुट्टीत गेलो. ओसरीवर तिला खुर्चीत बसवलं आणि अकरा वेळा तो म्हातारा गिरवलेल्या या पठ्ठ्यानं काय करावं? बाईचा उजवा गाल काढला.

तिनं कागद हातात घेतला. "हे कोण होय?"

"तू."

"आन उरलेली कुठी गेली?"

"बाई, तुले वाईट वाटंल म्हणून..."

"मले वाटंल का तुले? तीस वर्सं मी याच गालानं जेवून राह्यली. तुले पाहाले होत नसंल तर ठेव ते पेन्सिल."

मी दुसरा कागद घेतला. तीन दिवस ती बसली, पदर खांद्यावर टाकून. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत चार व्रण उतरतात, त्यांनी ओठाचा कोपरा वर ओढून धरलाय. दोन व्रणांच्या मधली कातडी गुळगुळीत आहे, तिथे उजेड थांबतो. सख्खा भाऊ मी, पण हे सगळं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तोवर नजर चुकवण्यात मी पटाईत होतो.

चित्र चौकटीत बसवून बाईच्याच घरी समोरच्या खोलीत टांगलं. त्याच आठवड्यात तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे घर पाहायला यायचे होते. ते यायच्या दिवशी सकाळीच भाचा स्टूल घेऊन आला.

"मामा, हे दोन दिवस आत ठेवू."

"काऊन?"

"चित्र चांगलंच हाय. पण लोकं..."

"चांगलं हाय तर राहू दे."

तो स्टुलावर चढायच्या आत मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या पोटाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. त्याचा हात खिळ्यापर्यंत पोचेना. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली बाई आतूनच ओरडली, "लेका, पाहुणे घर पाहाले येऊन राह्यले ना? मंग पूर्ण पाहू दे. का मलेही कोठीत ठेवतं?"

भाच्यानं स्टूल उचललं आणि परत नेलं.

पाहुणे आले. चहा बाईनंच आणला, पदर कानामागे खोचून. मुलीच्या आईनं चित्राकडे पाहिलं, मग बाईकडे, मग पुन्हा चित्राकडे. भाचा जमिनीकडे पाहत होता. मी वादाला तयार होतो, चार वाक्यं तर जुळवूनही ठेवली होती.

"कान जरा खाली गेला," मुलीची आई म्हणाली.

मी मान वर करून पाहिलं. गेला होता. चांगला बोटभर.

बाई हसली. हसली की तिचा डावा गाल आणखी खेचला जातो. "माह्या भावालेच सांगा हो, माह्यं आयकत नाई. गाल मात्र बरोबर काढला त्यानं."

"गाल बरोबर हाय," मुलीची आई म्हणाली आणि तिनं चहाचा कप उचलला.