उलटा पडलेला टाका

आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाई स्टाफरूममध्ये सदा विणत बसायच्या. टाका चुकला की "हट्!" म्हणून तेवढाच उसवायच्या, मगच पुढे. बोलतानाही तसंच: "काल बर्डीच्या बाजारात... हट्, परवा."

मीही तिथेच शिकवायचे. तेव्हा मला दिवस गेले होते. बाळात काही खोट निघेल, या धास्तीने मी सुकले होते.

"काहून भेऊन राहिली वं?" बाई म्हणाल्या. "पेशीत डीएनएची नक्कल होते ना, तवा एन्झाइम असंच करते. चुकीचं अक्षर लागलं की काढते, मंगच पुढं जाते. तरी राहिलं, तर मागून दुसरे तपासतात."

मुलगी सुखरूप झाली. बाईंनी आणलेल्या स्वेटरच्या बाहीवर एक टाका उलटा होता.

"बाई, हा राहिला!"

"एखादा राहतेच वं. थंडी तर नाही ना लागून राहिली तिले?"