वालूरच्या वाचनालयातला न बोलावलेला मामा

आमच्या वालूरच्या वाचनालयातला कॉम्प्युटर इतका म्हातारा, की चालू केला की आधी खोकायचा आणि मग मला ओळखायचा. त्या दिवशी तपासणीला जिल्ह्याचे साहेब येणार होते. दुपारपर्यंत पुस्तकांची यादी पडद्यावर दिसली नाही, तर हे धूड सेलूच्या वाचनालयाला जाणार, असं पत्रच होतं. सेलूला आम्ही आमचा तापसुद्धा देत नाही.

यादीचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण ते मूळ कोडवरून आपणच बांधून घ्यायचं होतं. म्हाताऱ्याला झेपावं म्हणून नको त्या सोयी आधीच वगळायच्या. काय नको, हे ग्रंथपालांनी ठरवलं. ते निवृत्त गुरुजी.

"आवाज काढ. वाचनालयात आवाज कशाला? छपाई पण काढ. लोक कागद लय नासवायलेत."

मी दोन्ही बंद करून बांधणी, म्हणजे कंपाइल, सुरू केलं. एररची अशी रांग लागली, की तिचं दुसरं टोक चुडाव्याच्या स्टेशनात गाडी अडवून उभं असणार. शेवटची एरर समोर दिसत होती, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात केली. एक मारली की चाळीस उगवायच्या. अकरा वाजले.

"काय करायलास?" गुरुजींनी विचारलं.

"चुका मारायलोय."

"शेपटाकडून? जन्मभर वह्या तपासल्या मी. पहिल्या ओळीत हातचा विसरला की खालचं सगळं गणित बोंबलतं. वर जा."

वर जाता जाता माझे दोन चहा झाले. पहिल्याच चुकीत सगळं होतं. सभासदाचं कार्ड बनवणारी फाइल छपाईला हाक मारत होती, आणि छपाई तर आम्हीच हाकलून दिलेली.

गुरुजी खुदकन हसले. "चारठाण्याचं लग्न आठव."

त्या लग्नात भांडणापायी मामाला आवतनच नव्हतं. पण माइकवाला सवयीनं पुकारत राहिला, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' मामा येईना, मुलगी हलेना. आमच्या मुठीतल्या अक्षतांचा भात झाला.

"मामा आलाय का ते आधी बघावं, मग पुकारावं," गुरुजी म्हणाले. "तुझ्या माइकवाल्याला एवढंच शिकव."

मी त्या ओळीच्या आधी अट लिहिली: छपाई असेल तरच हाक मार. आणखी दोन फाइलींत हाच माइकवाला सापडला, त्यालाही शिकवलं. बाराच्या ठोक्याला कंपाइल झालं, यादी पडद्यावर आली.

साहेब आले, बघून खूश झाले. "उत्तम. आता याची एक प्रत छापून द्या, फाइलला लावतो."

मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी कॉम्प्युटरकडं पाहिलं. तो खोकला.

"साहेब, चहा घ्या," म्हणत गुरुजींनी आखीव कागद काढले, समास सोडला आणि पडद्यावरून यादी उतरवायला बसले. साहेबांचे सहा चहा झाले, एक झोप झाली.

जाताना त्यांनी शेरा मारला: 'वाचनालय पूर्णपणे संगणकीकृत. हस्तलिखित यादी सोबत जोडली आहे.'

कॉम्प्युटर वालूरलाच आहे.