खंडेनवमीची सफाई

डोळे गेल्यापासून माझ्या नवऱ्याचं सगळं काम कानावर चालतं. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम. यंदा पुष्कळ काळाने त्याला काम मिळायची शक्यता होती. मुलाखती ऐकून टाइप करायच्या. नमुना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. टाइप झाला होता, फक्त एकदा ऐकून तपासायचा राहिला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, ड्रिल, कॉम्प्युटर, सगळं पुसून पूजेला मांडतात आणि दसरा होईपर्यंत कशालाच हात लावत नाहीत. धाकटे दीर बोनकोड्याहून आले. डिस्क भरत आली होती. म्हणाले, "वहिनी, तुमी बाहेरून पुसा, मी आतून झाडतो." नको ते प्रोग्राम त्यांनी काढले. तेव्हा आवाज चालूच होता. मग मशीन बंद झालं, वर झेंडू चढला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने ते सुरू केलं. आवाज नाही.

"दिसतंय का काही?"

"सगळं दिसतंय."

"मग बोलत का नाही?"

मी दिरांना फोन लावला.

"ब्रेलचं काहीतरी होतं, वहिनी. दादाला ब्रेल कुठे येतं? काढलं."

"त्याच्याबरोबर काय काय गेलं?"

"लिस्ट आली होती. मोठी होती. मी येस केलं."

"भावजी, मी रद्दीसुद्धा गठ्ठा सोडून बघितल्याशिवाय देत नाही."

वाचणारा प्रोग्राम त्या ब्रेलच्या तुकड्यावर उभा होता. तुकडा गेला, तोही गेला. मशीन चालू होतं तोवर बोलत राहिला, इतकंच. नुसती ती यादी वाचली असती तर त्याचं नाव त्यात होतं.

परत बसवायला एक ओळ पुरते. दिरांनी सांगितली, मी टाइप केली. पण उलव्यात रस्ता खोदताना आमची नेटची केबल तुटलेली, आणि मोबाइलचं नेट रांगत होतं. पडद्यावरचा डाउनलोडचा आकडा हलेना.

"मी वाचून दाखवते," मी म्हटलं.

"नको. चूक दिसली की तू अडखळशील. मग तपासलं कोणी?"

मी आकड्याकडे बघत बसले, तो माझ्या श्वासाकडे कान लावून.

बारा वाजत आले तसा तो म्हणाला, "मेल उघड. बाण बटणावर ने." मी नेला. माऊस त्याच्या हाताखाली दिला. त्याने न तपासलेला नमुना पाठवला.

आवाज आला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. त्याने लगेच नमुना लावला. तिसऱ्या ओळीनंतर एक अख्खं वाक्य दोनदा आलं होतं. त्याने ते ऐकलं, थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

दिरांचा फोन आला. "वहिनी, आवाज आला ना?"

"आला," मी म्हटलं.