अश्विनीचं बाळंतपण

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात भाजी निवडत बसले होते. ‘ताई, अश्विनी गेली,’ एवढंच बोलला. फौजेतला माणूस, रडला असेल तो फोन ठेवल्यावर... महिना उलटला, तरी लोणंदला माहेरच्या घरात पाऊल टाकलं की मी तिलाच हाक मारते.

अश्विनी माझी भावजय, माहेर कवठे महांकाळ. ‘वन्सं, वन्सं’ करत दोन वर्षांत माझी धाकटी बहीणच होऊन बसली. मोठ्याने हसायची, नको म्हणणाऱ्याच्या ताटात हमखास ठेचा वाढायची. दिवस गेले आणि ते हसू दमायला लागलं. दात घासताना रक्त येई, पायांवर निळे डाग उमटत. आम्ही साऱ्या बायका शहाण्या! पोटुशीला व्हायचंच असं, म्हणत तिला खजूर चारत राहिलो. आठव्या महिन्यात ताप उतरेना, तेव्हा माझी आई तिला माझ्याकडे घेऊन आली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले आणि लगेच रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. सांगलीत कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला, तेव्हा नाव कळलं... रक्ताचा कर्करोग, झपाट्याने वाढणारा.

डॉक्टर समजावत होते. तिने एवढंच विचारलं, ‘बाळाला न्हाई ना व्हायाचं ह्ये?’

‘तशी भीती जवळपास नाहीच. पण तुमचं औषध लांबवता येणार नाही. बाळाला आधी बाहेर घेऊ.’

‘मग घ्या की. माझं मागनं बघा.’ आणि माझ्याकडे वळून, ‘आवं वन्सं, तुमी रडत बसल्यावर झबली कोण शिवणार?’

बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवून बाळंतपण झालं. मुलगी, एवढीशी, पण आवाज आईचा. लगेच औषधं सुरू झाली. छाती दुधाने भरून आलेली आणि पाजायची मनाई. तेव्हा मात्र ती भिंतीकडे तोंड करून रडली. मग म्हणाली, ‘वाटीनं पाजा तिला. पर दारात बसून... मला दिसंल असं.’

औषध लागू पडलं. वर्षभर ती आमच्यात होती. मग दुखणं उलटलं, आणि त्या खेपेला ते हटलं नाही.

जंतूंच्या भीतीने घरातही ती तोंडाला मास्क लावायची. लेकीशी हसायची ती नुसत्या डोळ्यांनी, भुवया उडवत. परवा लोणंदला गेले, तर पोरीने माझ्या पदराचं टोक ओढून स्वतःच्या तोंडावर धरलं आणि भुवया उडवल्या. हे तिला आमच्यापैकी कुणी शिकवलेलं नाही. मी पदर तसाच तिच्या हातात राहू दिला.